अळिवापासून ‘सीड सायकलिंग’पर्यंत

पुण्यात हल्ली जवस, भोपळा, तीळ आणि सूर्यफुलाच्या बियांची जोडपाकिटं मिळतात. पाळी आल्यापासून पंधरा दिवस जवस-भोपळा, पुढचे पंधरा दिवस तीळ-सूर्यफूल. यालाच ‘सीड सायकलिंग’ म्हणतात. पीसीओएसने, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या विकाराने, बेजार झालेल्या मुली आणि दिवस राहण्याची वाट पाहणाऱ्या बायका ती आशेने घेतात. पाकिटं ‘प्राचीन परंपरा’ म्हणून विकली जातात, आणि मला तेच खटकतं. आपल्या परंपरेत असं वेळापत्रक नव्हतं. होती ती पथ्यं.

बाळंतिणीला अळिवाचे नि मेथीचे लाडू, दूध यावं म्हणून बाळंतशेपा. पण तेच अळीव गरोदर बाईला उष्ण म्हणून वर्ज्य. कोणाला द्यायचं आणि कधी द्यायचं नाही, हे आजीला चोख ठाऊक असे. ग्रंथांतही बिया-फळांची दुसरी बाजू आहे. सोळाव्या शतकातला ‘भावप्रकाश’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ सांगतो: पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार (बोरॅक्स) समभाग घेऊन ऋतुकाळात, म्हणजे गर्भ राहू शकतो त्या दिवसांत, दुधातून दिल्यास गर्भ राहत नाही. स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजनाची निकड वाढली तेव्हा शास्त्रज्ञांनी वावडिंग प्रयोगशाळेत तपासलं. गाजराच्या बियांच्या अर्काने उंदरांमध्ये गर्भ रुजण्यात अडथळा आल्याचंही दिसलं. गुंजेचं बी तर गर्भपातासाठी चोरून वापरलं जाई. त्यातलं अ‍ॅब्रिन हे विष आईचाही जीव घेऊ शकतं.

हार्मोनची भाषा आली ती परदेशातून. 1940च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्रियांचं हार्मोन बनवलं. मेक्सिकोतच 1951मध्ये नोरेथिंड्रोन हे त्याच्यासारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन तयार झालं आणि 1960मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. डायोस्जेनिन मेथीच्या दाण्यांतही असतं. म्हणून मेथी खाल्ली की प्रोजेस्टेरॉन वाढतं, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. हे रूपांतर प्रयोगशाळेत होतं, आपल्या शरीरात नाही.

जवसाची गोष्ट थोडी वेगळी. त्यातल्या लिग्नान नावाच्या घटकांपासून आतड्यातले जिवाणू इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी सौम्य द्रव्यं तयार करतात. 1993च्या एका अमेरिकी अभ्यासात नियमित पाळीच्या 18 स्त्रियांनी रोज 10 ग्रॅम जवसपूड घेतली, तेव्हा बीजविमोचनानंतरचा (स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा) काळ सरासरी एक दिवसाने लांबला. सीड सायकलिंगचा आज जो डोलारा उभा आहे, त्याखाली मुख्यतः हाच अभ्यास दाखवला जातो. त्यात भोपळा, तीळ, सूर्यफूल नव्हतेच. वंध्यत्वाचा त्रास असलेल्या स्त्रियांची ती चाचणीही नव्हती. मेथीच्या अर्कावर 2015मध्ये पीसीओएसच्या 50 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेकींची पाळी सुधारली, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

चमचाभर जवस किंवा तीळ जेवणात असावेत, त्याला माझी हरकत नाही. मेथीचं तेवढं सांभाळायचं: ती रक्तातली साखर उतरवते, आणि पीसीओएसच्या अनेक मुली मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधावर असतात. रोज मेथीचा अर्क किंवा मूठभर दाणे घेत असाल, तर ते डॉक्टरांना सांगा. दिवस राहण्याची शक्यता असेल तर घेण्याआधीच सांगा.