निघोजचे रांजणखळगे : पुण्याहून एका दिवसाची बससहल

शिरूर आणि पारनेर या दोन तालुक्यांची हद्द जिथे कुकडी नदीच्या पात्रातून जाते, तिथे अलीकडच्या काठावर पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी आणि पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज ही गावे आहेत. या दोन गावांमधील काळ्या कातळात नदीने कोरलेले रांजणखळगे पाहण्यासाठी आम्ही दर हंगामात रविवारी बस नेतो. पुण्यापासून हे अंतर सुमारे 85 किलोमीटर असल्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते आणि मुक्कामाचा खर्च उरत नाही.

ठिकाणाविषयी थोडे आधी जाणून घेतल्यास तेथील वेळ अधिक चांगला जातो, असा आमचा अनुभव आहे. हा कातळ बसाल्टचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्यातलाच तो एक भाग. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ उगम पावणारी कुकडी पुढे घोड नदीला मिळते, आणि त्या वाटेवर निघोजला तिचे पात्र या कातळातून जाते. पुराच्या पाण्यात जिथे भोवरा धरतो, तिथे वाहून आलेले गोटे आणि वाळू पुढे न सरकता जागच्या जागी गरगर फिरत राहतात. ताक घुसळताना रवी फिरावी तसे हे गोटे दर पावसाळ्यात कातळ घासत जातात आणि सुरुवातीला वाटीएवढा असलेला खळगा हजारो वर्षांत रांजणाएवढा, काही ठिकाणी विहिरीसारखा खोल होतो. शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावले की मधली भिंत पातळ होते, तिला भोक पडते आणि अखेरीस दोन्ही मिळून एक घळ तयार होते. या सगळ्या अवस्था निघोजला काही पावलांच्या अंतरावर एकत्र पाहता येतात.

काठापासून दूर, कोरड्या कातळावर असलेल्या एखाद्या लहान खळग्यात हात घालून पाहावा. बाहेरचा दगड खरखरीत लागतो, आतली भिंत मात्र वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखी लागते, आणि तळाशी बोटांना जे वाटोळे गोटे लागतात त्यांनीच ती भिंत घासलेली असते. हे गोटे कृपया आठवण म्हणून उचलून आणू नयेत. पुढच्या पुरात नदीला ते लागणार आहेत.

सहलीचे वेळापत्रक आम्ही उन्हाकडे पाहून ठरवलेले आहे. काळा दगड दुपारी फार तापतो, म्हणून वाटेत फक्त नाश्त्यासाठी थांबून आम्ही थेट निघोज गाठतो. बस सकाळी 6 वाजता स्वारगेटहून, 6.30 वाजता येरवड्याहून आणि 7 वाजता वाघोलीहून सुटते आणि साधारण साडेनऊपर्यंत पोहोचते. तिथे आपल्याला पूर्ण अडीच तास मिळतात. कमी वेळात तीन-चार ठिकाणे उरकण्याची पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही, कारण हा कातळ नीट पाहायचा तर सावकाश पाहावा लागतो. काठावरील मळगंगा देवीचे दर्शनही याच वेळेत होते. चैत्रात देवीच्या यात्रेला मोठी गर्दी असते, त्यामुळे त्या दिवसांत आम्ही सहल ठेवत नाही. परतीच्या वाटेवर अष्टविनायकांपैकी रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन, नगर रस्त्यावरील संध्याकाळची कोंडी सुरू होण्याआधी वाघोली ओलांडण्याचा आमचा प्रयत्न असतो.

माणशी 700 रुपये शुल्कात बसचे भाडे, टोल, वाहनतळाचा खर्च, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा येतो. दुपारच्या जेवणाचा डबा प्रत्येकाने घरून आणायचा आहे. जेवणाचा समावेश केला असता शुल्क बरेच वाढले असते, आणि झाडाखाली पंगत करून एकमेकांच्या डब्यातले खाण्यात जी मजा येते तीही राहून गेली असती. बस 32 आसनांची, बिगर वातानुकूलित आहे. पाच वर्षांखालील मूल मांडीवर बसणार असल्यास शुल्क घेतले जात नाही.

सुरुवातीच्या काळात आम्ही एकदा सप्टेंबरमध्ये सहल नेली होती. नदी भरून वाहत होती, सर्व खळगे पाण्याखाली होते आणि लोकांना काठावरून गढूळ पाणी पाहून परतावे लागले. ती चूक आमची होती. तेव्हापासून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच सहली ठेवल्या जातात. तरीही वरच्या धरणांतून पात्रात पाणी सोडलेले असू शकते, म्हणून शनिवारी दुपारी गावातील माहीतगाराकडून आम्ही पाण्याची खात्री करून घेतो.

सुरक्षिततेबाबत आमचा आग्रह कडक आहे, आणि तो मनापासून आहे. पाणी असलेल्या खळग्यांची खोली वरून कळत नाही, कडा आतल्या बाजूला वळलेल्या असल्यामुळे पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर पोहणाऱ्याचाही पाय टिकत नाही. त्यामुळे पाण्यात उतरण्यास, तसेच छायाचित्रासाठी कडेवर उभे राहण्यास मनाई आहे. लहान मुलांचा हात सोडू नये. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी कातळावर न उतरता पुलावरून पाहावे. तिथूनही पात्र चांगले दिसते.

पायात मागे पट्टा असलेल्या, चांगली पकड असलेल्या चपला किंवा बूट असावेत. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी जवळ ठेवावे, कारण कातळावर सावली नाही.

नोंदणी गुरुवारी संध्याकाळपर्यंत आमच्या कार्यालयात किंवा दूरध्वनीवरून करता येते. नदीला पाणी असल्याचे कळल्यास शनिवारी संध्याकाळी 6 च्या आत प्रत्येकाला दूरध्वनी केला जाईल, आणि पुढची तारीख घ्यायची की पूर्ण पैसे परत घ्यायचे, हे आपण ठरवायचे आहे.