'देरेख एरेत्झ'ची ओढाताण

तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ आणि त्यातला धर्मकायदा) आणि तर्क यांची सांगड बाराव्या शतकात कैरोत मायमोनिडीसने घातली होती, पण तिथे गाठ ग्रीक तर्काशी होती. तोरा आणि आधुनिक ज्ञान एकत्र कसे नांदवायचे, ही आजची अडचण अठराव्या शतकातली, प्रशियातली.

१७८३ मध्ये बर्लिनमधून ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनने मांडले : ईश्वर, आत्मा ही सत्ये बुद्धीलाच कळतात, सिनाई पर्वतावर मोशेला देवाकडून मिळाला तो सिद्धान्त नव्हे, कायदा. दहाच वर्षांत क्योनिग्सबर्गहून कांटने तोच धागा उलटा ओढला. नुसता कायदा असेल तर तो धर्म कसला, ती राज्यव्यवस्था झाली. आणि बाहेरून आलेल्या आज्ञेला नीती म्हणता येत नाही.

रब्बी (ज्यू धर्मगुरू) सॅमसन राफाएल हिर्श यांच्या फ्रँकफर्टच्या परंपरानिष्ठ मंडळीचे १८५१ नंतरचे उत्तर 'तोरा इम देरेख एरेत्झ' (शब्दशः 'जगाच्या रीतीसह तोरा') या नावाने ओळखले जाते, आणि खरा गुंता इथेच आहे. 'पिर्के आवोत' या प्राचीन ज्यू नीतिवचनसंग्रहात (२:२) हे शब्द आहेत. लगेच पुढे म्हटले आहे की कामाची जोड नसलेले अध्ययन टिकत नाही. म्हणजे तिथे देरेख एरेत्झ हा पोटापाण्याचा उद्योग. इतरत्र तो शिष्टाचार, कुठे चक्क दांपत्यव्यवहार. फ्रँकफर्टने त्यात जर्मन साहित्य आणि विज्ञान बसवले. पुढे पूर्व युरोपीय वळणाच्या अनुयायांनी ही 'होराअत शाआ', त्या घडीपुरती सवलत, ठरवली. ते पटत नाही. १८५३ मध्ये उघडलेल्या तिथल्या शाळेत १८५९ साली जर्मनांच्या लाडक्या नाटककार-कवीची, शिलरची, जन्मशताब्दी हिर्श यांच्या भाषणासह साजरी झाली. नाइलाजाने दिलेली सवलत अशी मिरवत नाहीत.

त्याच १८५९ मध्ये ब्रेस्लाउच्या रब्बी-विद्यालयाचे प्रमुख झखारियास फ्रँकेल यांचा मिशनेवरचा (मौखिक ज्यू कायद्याच्या प्राचीन संहितेवरचा) हिब्रू ग्रंथ आला. 'सिनाईवर मोशेला मिळालेली हलाखा' (धर्मनियम) हे पारंपरिक वचन काही ठिकाणी शब्दशः घ्यायचे नाही. नियम जुना आणि निर्विवाद आहे एवढाच त्याचा अर्थ, असे त्यात होते. मध्ययुगीन भाष्याचा आधारही होता. तरी १८६१ मध्ये हिर्श यांच्या फ्रँकफर्टच्या मासिकाने जाब विचारला : मौखिक तोरा (लिखित ग्रंथासोबत परंपरेने आलेला कायदा) दैवी की मानवी? काव्याला दार उघडे, इतिहासाला बंद. बर्लिनमध्ये १८७३ साली निघालेल्या परंपरानिष्ठ विद्यालयाने ते दार किलकिले केले, तेही फ्रँकफर्टला रुचले नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली निघालेल्या येशिवा कॉलेज या ज्यू महाविद्यालयात पुढे घोषणेतला 'इम' (सह) जाऊन 'तोरा उ-मद्दा'तला (तोरा आणि ऐहिक ज्ञान) 'उ' (आणि) आला. तिथे सकाळी तालमुद (मिशनेवरच्या चर्चांचा ग्रंथ) आणि दुपारी महाविद्यालयीन विषय अशी विभागणी पडली. मिशना कशी घडत गेली, हा प्रश्न दुपारच्या वाट्याला जातो.