प्लाझ्मा प्रक्रिया व जंतुरोधक नॅनोलेप (वस्त्रोद्योग)

विद्युतभारित कणांच्या वायूने (प्लाझ्मा) कापडाच्या तंतूंचा पृष्ठभाग बदलून त्यावर चांदी, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कॉपर ऑक्साइडचे १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण बसवण्याची पद्धत. जंतू मारतात ते कण. प्लाझ्माचे काम ते कण धुलाईत टिकवण्याचे. रुग्णालयातील चादरी, शस्त्रक्रियेचे गाऊन, पायमोजे आणि खेळाडूंचे कपडे हे तिचे मुख्य उपयोग.

वायूला पुरेशी विद्युतऊर्जा दिली की काही अणुरेणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा आयनीभूत वायूला आयर्विंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिले. कापडासाठी ‘थंड’ प्लाझ्मा वापरतात. त्यातील इलेक्ट्रॉन अतितप्त असले तरी वायू फारसा तापत नाही, म्हणून कापड जळत नाही.

पॉलिएस्टरचा तंतू गुळगुळीत आणि पाण्याला दूर ठेवणारा. कापड नॅनोकणांच्या द्रावणात बुडवून पॅडिंग मँगलमधून (कापड रुळांमध्ये दाबणारे यंत्र) पिळले तरी कण वरवरच बसतात आणि धुलाईत निघून जातात. यावर बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) हा नेहमीचा इलाज. पण त्याने कापड ताठर होते आणि बरेच कण बाइंडरखालीच गाडले जातात. हवा किंवा ऑक्सिजनचा प्लाझ्मा तंतूवर सूक्ष्म खडबडीतपणा आणतो आणि तेथे कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल असे रासायनिक गट निर्माण करतो. चांदीचे आयन व धातूंच्या ऑक्साइडांचे कण या गटांना धरून राहतात. बदल पृष्ठभागालगतच्या अतिपातळ थरापुरता असल्याने प्रक्रिया प्रमाणात ठेवली तर तंतूचा गाभा शाबूत राहतो. मात्र हा परिणाम ठेवून टिकत नाही. पृष्ठभागावरचे गट हळूहळू आत वळतात, त्यामुळे प्रक्रिया केलेला तागा गोदामात न ठेवता लगेच लेपाला न्यावा लागतो.

यंत्रे दोन प्रकारची. निर्वात कक्षातील प्लाझ्मा एकसारखा मिळतो, पण कापड तुकड्यातुकड्याने आत घालावे लागते. सुती कापड तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरते; तो काढता काढता पंप थकतात. पॉलिएस्टरमध्ये हेच प्रमाण ०.४ टक्क्यांच्या आसपास. वातावरणीय दाबावरील यंत्रात दोन इलेक्ट्रोडांमधल्या काही मिलिमीटरच्या फटीतून कापड सलग धावते. स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवणारे यंत्र) वेगाशी जुळवून घ्यायचे तर प्रोसेस हाउसला (कापडावर रंगाई व अंतिम प्रक्रिया करणारा कारखाना) हेच सोयीचे. पण साधी हवा वापरली की तिची आर्द्रता प्लाझ्माच्या रसायनावर परिणाम करते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही अडचण किरकोळ नसते. शिवाय ओझोन तयार होत असल्याने तो बाहेर खेचून नष्ट करणारी व्यवस्था लागतेच.

गिरणगावातील बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू बंद पडल्या, तरी कापडाचे संशोधन मुंबईतच राहिले : माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था सिरकॉट (१९२४) व रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी (१९३३), वरळीची कृत्रिम रेशीम गिरण्यांची संशोधन संस्था सस्मिरा, घाटकोपरची वस्त्रोद्योग संशोधन संस्था बीटीआरए. स्टार्चच्या साहाय्याने नॅनो झिंक ऑक्साइड सुती कापडावर बसवण्याचे सिरकॉटमधील काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात जंतुरोधाबरोबर अतिनील किरणांपासून संरक्षणही साधले होते. त्यात प्लाझ्मा नव्हता, पण कण धरून ठेवण्याचा प्रश्न हाच.

चांदी प्रभावी असली तरी तिचे नॅनोकण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात आणि कापडाला पिवळट छटा देतात. पांढऱ्या चादरीवर ती नजरेत भरते. तेथे झिंक ऑक्साइड बरे. ब्लीचची धुलाईही चांदीला मानवत नाही, क्लोरिनमुळे तिचे सिल्व्हर क्लोराइड होत जाते.

चाचणीसाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियस व क्लेब्सिएला न्यूमोनिई हे जंतू कापडावर सोडून २४ तासांनी किती उरले ते मोजतात (एएटीसीसी १००, अमेरिकेतील वस्त्ररसायनतज्ज्ञांच्या संघटनेची प्रमाणित चाचणी). दुसऱ्या एका चाचणीत कापडाभोवतीचा जंतुरहित पट्टा पाहतात. तो रुंद दिसला की उत्पादक खूश होतात. वास्तविक रुंद पट्ट्याचा अर्थ कापडातून चांदी भराभर सुटते आहे असाही होतो. धुलाईआधीचे आकडे छापणाऱ्या जाहिराती त्यामुळे फारशा कामाच्या नाहीत.

सुटलेली चांदी सांडपाण्यात जाते. तिचे मुक्त आयन शुद्धीकरण केंद्रातील उपयुक्त जीवाणूंनाही मारू शकतात. तेथील गंधकाशी संयोग होऊन बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड बनते व गाळात बसते. हे संयुग चांदीच्या आयनांपेक्षा पुष्कळ कमी विषारी आहे.