सरळ माणसाची घसरण

मानसशास्त्रीय गुन्हेकथेत गुन्हेगार कोण, हे पुष्कळदा आरंभीच ठाऊक असते. तरीही वाचक पुस्तक खाली ठेवत नाही, कारण आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस तिथवर पोहोचला कसा, हे त्याला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचा शोध संशोधकांनीही घेतला असून, चांगल्या कादंबऱ्यांच्या संथ गतीला त्यांच्या निष्कर्षांतून बराच आधार मिळतो.

उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या सेवा सहकारी सोसायटीचा एक काल्पनिक गटसचिव घेऊ. पीककर्जाच्या वसुलीची रक्कम त्याच्या हातून जाते आणि गावात त्याच्या शब्दाला मान आहे. यंदा बोंडअळीने त्याच्या स्वतःच्या वावरातली पऱ्हाटी बुडवली आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे, आणि सावकाराचे देणे त्याने बायकोलाही सांगितलेले नाही. एके दिवशी तो वसुलीतले काही हजार रुपये खिशात घालतो. कापसाचा चुकारा मिळाला की भरून टाकू, असे स्वतःला बजावतो.

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्यांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात: कोणाजवळ बोलता न येणारी पैशाची अडचण, विश्वासाच्या जागेमुळे मिळालेली संधी, आणि ‘ही उचल आहे, चोरी नव्हे’ अशी स्वतःची समजूत. यांपैकी पहिली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणाचे किती एकर आणि कोणावर किती कर्ज, याची पारावर उघड चर्चा होणाऱ्या गावात सचिवालाच आपली अडचण सांगता येत नाही, कारण त्याची पत म्हणजेच त्याची नोकरी. समजुतीबाबत ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये, बालगुन्हेगारांविषयी लिहिताना, एक महत्त्वाची भर घातली: सबब ही कृत्यानंतरची सारवासारवच असते असे नाही, ती कृत्याआधीच तयार होऊन त्याची वाट मोकळी करते.

टंचाईचा परिणाम निर्णयशक्तीवरही होतो. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांच्या बौद्धिक चाचण्या कापणीआधी आणि कापणीनंतर घेण्यात आल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, हातात पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. यावरून गरिबी माणसाला गुन्हेगार करते असे म्हणणे साफ चुकीचे ठरेल. पैशाची विवंचना विचारांची बरीच जागा व्यापते, एवढेच त्यातून दिसते.

पहिल्या उचलीनंतर काय होते, याचा अंदाज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २०१६ च्या प्रयोगावरून येतो. बरणीतल्या नाण्यांचा अंदाज जोडीदाराला सांगताना खोटे बोलून स्वतःचा फायदा करून घेण्याची मुभा सहभागींना होती. त्यांचे खोटे हळूहळू वाढत गेले, आणि भावनांशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या मेंदूच्या भागाचा प्रतिसाद मंदावत गेला. हा प्रतिसाद जितका घटे, तितके पुढचे खोटे मोठे. आपल्या सचिवाला दुसरी उचल पहिलीइतकी जड जाणार नाही, ती याचमुळे असावी.

एवढ्याने त्याला स्वस्थता लाभते असे मात्र नाही. कोलंबिया विद्यापीठातील मायकल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१७ मध्ये असे आढळले की, गुपित समोरच्यापासून लपवण्याचे प्रसंग त्यामानाने कमी येतात. एकटे असताना मन त्याकडे वळण्याचे प्रसंग अधिक येतात, आणि माणूस खंगतो तो त्यानेच. अशा कादंबऱ्यांत घटना थोड्या आणि येरझारा फार असतात, अशी तक्रार वाचक करतात, पण त्या येरझारा खऱ्याच असतात.

कादंबरीकार फसवतात ते दोन ठिकाणी. शेवटी एखादा मनोविकार पुढे करून सारे उलगडल्याचा आव आणणे ही पहिली जागा. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात. दुसरी जागा खुनाची. बरणीतल्या नाण्यांपासून खुनापर्यंतचे अंतर कोणत्याही प्रयोगाने जोडलेले नाही, आणि वास्तवात असे प्रकरण बहुधा लेखापरीक्षणातच उघडे पडते. मुडदा बऱ्याचदा प्रकाशकाच्या आग्रहाखातर पडत असावा. सचिवाची कादंबरी लिहायची झाल्यास, बायकोला सावकाराचे देणे सांगायचे ठरवून तो ऐनवेळी तुरीच्या भावाबद्दल बोलू लागतो, त्या प्रसंगाला पंचनाम्यापेक्षा अधिक पाने द्यावी लागतील.