गोळी म्हणजे दुसरी नशा नव्हे

‘व्यसन मनाच्या जोरावरच सुटतं, गोळ्या घेतल्या की एक नशा जाऊन दुसरी लागते,’ असं घरोघरी ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं दगावतात.

हेरॉइन, अफूच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन देतात. मेंदूत हेरॉइन जिथं बसतं त्याच जागी ते बसतं, पण अर्धवटच काम करतं. तलफ आणि अंगदुखी शमते. ठरावीक मात्रेपुढे परिणाम फारसा वाढत नाही. माणूस झिंगत नाही, कामावर जातो. याच व्यसनावरच्या मेथाडोन या औषधासह ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. औषधाविना नुसती नशा उतरवून घरी पाठवलं, तर धोका उलट वाढतो: शरीराची सवय मोडलेली असते आणि पुन्हा घेतलेला जुनाच डोस जीव घेतो.

दारूची ओढ नाल्ट्रेक्सोन कमी करतं. दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम वेगळं, त्यावर दारू प्यायली की उलट्या, धडधड सुरू होते. म्हणून ते जेवणात गुपचूप मिसळणं जीवघेणं ठरू शकतं. कृपा करून असं करू नका.

मग समुपदेशन कशाला? तलफ शमली तरी पगाराची संध्याकाळ, जुनी मित्रमंडळी, घरातला अबोला तिथंच असतो. त्याला तोंड कसं द्यायचं, हे गोळी शिकवत नाही. गोळ्या काहींना वर्षानुवर्षं लागतात. थांबवायच्या कधी, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.