हायपोथर्मिया (शरीराचे तापमान घटणे)

शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५° से.च्या खाली उतरण्याच्या अवस्थेस ही संज्ञा आहे. ३२° ते ३५° से. सौम्य, २८° ते ३२° से. मध्यम व त्याखाली तीव्र, अशी विभागणी रूढ आहे. ताप पाहण्याच्या नेहमीच्या पारद तापमापीची मोजपट्टी ३५° से.पासूनच सुरू होत असल्याने हे निदान अनेकदा हुकते.

थंड हवा, ओले कपडे आणि पाण्यात बुडणे ही कारणे परिचित आहेत. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णतावाहक असल्याने फारसे गार नसलेले पाणीही धोक्याचे ठरते. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब वाटते, प्रत्यक्षात उष्णता निसटत असते.

उबदार खोलीतही तापमान घटू शकते. अवटू (थायरॉइड) ग्रंथीची तीव्र न्यूनता, अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीची न्यूनता, रक्तशर्करा घटणे व कुपोषण यांत उष्णतेची निर्मितीच मंदावते. पक्षाघात किंवा मेरुरज्जूची इजा यांत नियंत्रण ढळते. सार्वदेहिक भुलीत पहिल्या तासातच तापमान साधारण १° ते १.५° से. उतरते. ही घट मुख्यतः उष्णता शरीराबाहेर गेल्याने होत नाही. आकुंचित रक्तवाहिन्या सैल पडून गाभ्यातील उष्णता हातापायांकडे वळते.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागले (सेप्सिस) की काही रुग्णांत तापाऐवजी तापमान घटते. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. ही घट म्हणजे तापनियंत्रणाचा पराभव, असे जुने मत आहे. उलट, जंतुविष टोचलेले उंदीर काही वेळा स्वतःहून थंड जागा निवडतात, यावरून ऊर्जा राखण्यासाठी हायपोथॅलॅमसनेच (मेंदूतील तापनियंत्रक भागानेच) ही पातळी खाली आणली असावी, असे काही अभ्यासक मानतात. आरंभीच्या, आपोआप सावरणाऱ्या घटीला हे स्पष्टीकरण अधिक जुळते. अंतिम टप्प्यातील घसरणीला मात्र जुनेच मत लागू पडते, असे दिसते.

बार्बिच्युरेटे, अफूजन्य औषधे व मनोविकारांवरील फेनोथायझिने यांनीही तापमान उतरते. वृद्धांत कापरे भरण्याची क्षमता कमी झालेली असते. नवजात अर्भक कापऱ्याऐवजी तपकिरी मेदावर (उष्णता निर्माण करणाऱ्या चरबीवर) विसंबते आणि वजनाच्या मानाने त्याचे त्वचाक्षेत्र मोठे असते. त्यामुळे त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सीमा ३६.५° से. ठरवली आहे.