पार्श्वभूमी: हिमाचलच्या हॉटेलांत उतरतं तरी कोण?

नोव्हेंबर 2024 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या सरकारी पर्यटन महामंडळाची 18 हॉटेलं आठवडाभरात बंद करा, असा आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने दिला. खोल्या भरत नाहीत, हे कारण. त्याच वर्षी राज्यात आलेल्या पर्यटकांचा सरकारी आकडा 1 कोटी 80 लाखांच्या आसपास होता आणि 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या आहे जेमतेम 68 लाख. दर रहिवाशामागे अडीच पाहुणे येतात आणि तरी सरकारी खोल्या ओस पडतात, हे वरवर पाहता पटत नाही. पण पाहुणा कुठून आला आणि किती रात्री राहिला, हे बघायला लागलं की बरंचसं समजतं.

इंग्रजांचं शिमला, 1864 पासूनची उन्हाळी राजधानी, 1903 ची काल्का-शिमला रेल्वे हा भाग वाचकांना ठाऊक आहे. आजच्या हॉटेल धंद्याशी त्याचा संबंध तसा पुसटच. जास्त महत्त्वाचं आहे 1971 ला राज्याला मिळालेला पूर्ण दर्जा आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेलं महामंडळ. हिमाचल हे देशातलं सर्वांत ग्रामीण राज्य. जवळजवळ 90 टक्के लोक खेड्यांत राहतात. शिमला सोडलं तर मोठं म्हणावं असं शहर नाही. अशा राज्यात खाजगी मालक हॉटेल बांधणार ते शिमल्यात, फार तर डलहौसीत. घाटात, वळणावर, जिथे बस चहासाठी थांबते पण मुक्कामाला कोणी उतरत नाही, तिथे खोल्या उभ्या करणं सरकारच्या वाट्याला आलं. फागू, खडापत्थर, कियारीघाट, दारलाघाट ही नावं त्याच यादीतली. ही नावं लक्षात ठेवावीत, पुढे ती न्यायालयाच्या कागदावर पुन्हा येतात.

धंद्याचं खरं वळण 1990 चं. दहशतवादामुळे काश्मीर पर्यटकांना बंद झालं आणि देशभरातून श्रीनगरला जाणारी कुटुंबं मनालीकडे वळली. तोपर्यंतची मनाली म्हणजे सफरचंदाच्या बागा, हिडिंबेचं देऊळ, थोडे परदेशी आणि काही सरकारी लाकडी कॉटेजेस. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बागांच्या जागी चार-पाच मजली हॉटेलं उभी राहिली. आलेला पाहुणा मुख्यतः तीन राज्यांतला होता: बंगाल, गुजरात आणि महाराष्ट्र. बंगाली दुर्गापूजेच्या सुट्टीत, गुजराती मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीला, मराठी माणूस शाळांची परीक्षा संपली की. तिघेही लांबून येणारे. रेल्वेत दोन रात्री काढल्यावर कोणी दोन दिवसांत परतत नाही. शिमला दोन रात्री, मनाली तीन, येताना चंदीगड नाहीतर धरमशाला, असा आठ-नऊ दिवसांचा बेत ठरलेला. मुंबईहून सुटणाऱ्या पश्चिम एक्सप्रेसचे काही डबे अंबाल्याला वेगळे होऊन काल्क्याला जात. आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांची पहिली 'शिमला-कुलू-मनाली' त्या डब्यांतून झाली.

मराठी टूरवाल्यांनी तिथल्या हॉटेल धंद्याला एक वेगळीच सवय लावली. ते सीझनभराच्या खोल्या आधीच घाऊक दराने उचलत आणि स्वयंपाकी सोबत नेत. हॉटेलच्या मागच्या अंगणात नाहीतर गच्चीवर मोठे बर्नर लागायचे, सकाळी पोहे-उपमा, रात्री पोळी-भाजी, वरण-भात आणि एखाद दिवशी पुरणपोळी. पाहुण्यांची चंगळ, पण हॉटेलवाल्याचं किचन रिकामं. खोली भरलेली दिसायची आणि गल्ल्यात मात्र भाड्यापलीकडे फार पडायचं नाही. म्हणून मनालीतल्या मालकांचा हिशेब सरळ असे: टूरचे पाहुणे म्हणजे खात्री, स्वतःहून दारात आलेला पाहुणा म्हणजे कमाई. मालकांना दोन्ही हवे असत. नुसत्या भरलेल्या खोल्या मोजून धंदा कळत नाही, तो असा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. 1972 च्या कूळ आणि जमीनसुधारणा कायद्यातल्या कलम 118 मुळे जो हिमाचलातला शेतकरी नाही, त्याला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन घेता येत नाही. कलम शेतकऱ्याच्या जमिनीच्या रक्षणासाठी आलं आणि ते काम त्याने बऱ्यापैकी केलं. हॉटेल धंद्यात त्याचा परिणाम असा झाला की इमारत स्थानिक बागायतदाराची आणि चालवणारा दिल्ली, चंदीगड किंवा लुधियान्याचा, लीजवर. लीजवाल्याला ठरावीक वर्षांत पैसे वसूल करायचे असतात. तो मे-जूनमध्ये दर चढवतो, ऑगस्टमध्ये निम्म्याने उतरवतो आणि दुरुस्तीचा खर्च पुढच्या लीजवाल्यावर ढकलतो. खाजगी हॉटेलं अशी लवचीक झाली, तर महामंडळ पक्का पगार आणि पक्क्या दरपत्रकावर चालत राहिलं.

परदेशी पाहुण्यांबद्दल थोडक्यात. दलाई लामा 1960 पासून मॅक्लिऑडगंजला आहेत, त्यामुळे तिथे येणारे वेगळे. कसोल, जुनी मनाली, धर्मकोट इथे लष्करी सेवा संपवून आलेली इस्रायली मुलं महिनोन्‌महिने राहत. ती हॉटेलात क्वचितच उतरत. गावातल्या घराची वरची खोली घेत. 2008 मध्ये राज्याने होमस्टेची योजना आणली, तिच्या कितीतरी आधीपासून कसोलच्या पार्वती खोऱ्यात हे चालू होतं. त्या योजनेत वीज-पाणी घरगुती दराने आणि करात सवलत मिळाली. ग्रामीण राज्यासाठी ती चांगलीच गोष्ट. हॉटेलवाल्यांची तक्रार अशी की पुढे कित्येक 'होमस्टे' हे घरमालक न राहणारे छोटे हॉटेलच झाले. तक्रारीत तथ्य आहे. नोंदणीकृत होमस्टेंची संख्या आता हॉटेलांच्या जवळपास पोहोचली आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत पाहुण्याचा पत्ता बदलला. परवाणू-सोलन चौपदरी झाला, कीरतपूर-मनाली रस्त्यावर बोगदे आले, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये रोहतांगखालचा 9 किलोमीटरचा बोगदा खुला झाला. दिल्ली, गुरुग्राम, मोहालीचा माणूस शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढतो आणि रविवारी रात्री घरी असतो. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये 'कुठून आले, कुठे जाणार, गाडी नंबर' असे रकाने असतात. पूर्वी त्या रकान्यांत कोलकाता, अहमदाबाद, पुणे अशी नावं आणि गाडी बहुधा काल्का नाहीतर चंदीगडच्या टॅक्सीची. आता पानच्या पान एचआर, पीबी, डीएल, सीएच, म्हणजे हरियाणा, पंजाब, दिल्ली, चंदीगडच्या गाड्या. राहणं एका रात्रीचं, फार तर दोन. शनिवारी मनालीत खोली मिळत नाही आणि मंगळवारी त्याच गल्लीत मालक दाराशी उभा असतो. मोजणीत मात्र हा शनिवारचा पाहुणा आणि आठ रात्री राहणारा पुणेकर दोघेही 'एक पर्यटक'. उलट आठ दिवस फिरणारा शिमला, कुलू, कांगडा या तीन जिल्ह्यांच्या बेरजेत तीनदा धरला जाऊ शकतो. त्यात ज्वालामुखी, चिंतपूर्णी, नैनादेवी या देवस्थानांच्या भाविकांची भर. हे लोक प्रामुख्याने पंजाबातून येतात, धर्मशाळेत झोपतात किंवा दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात. एवढं सगळं एका आकड्यात कोंबल्यावर त्यावरून हॉटेलांची तब्येत सांगणं धाडसाचं आहे.

कोरोनाने हे अधिकच उघडं केलं. 2019 ला पावणेदोन कोटींच्या आसपास असलेला आकडा 2020 मध्ये 32 लाखांवर आला, 2022 ला पुन्हा दीड कोटींवर. पण परत आलेला होता तो गाडीवाला. लांबचे पाहुणे सावकाश परतले आणि तेवढ्यात 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये बियास नदीच्या पुराने रस्ते नेले. त्याच वर्षी सरकारने परराज्यातल्या पर्यटक बसगाड्यांवर जबर दैनंदिन कर लावला. गुजरात आणि महाराष्ट्रातल्या टूरवाल्यांनी हिमाचलकडे पाठ फिरवण्याचा इशारा दिला, हॉटेलवालेही त्यांच्या बाजूने बोलले आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. खोल्या रात्रीमागून रात्री भरणारा पाहुणा कोण, हे हॉटेलवाल्यांना चांगलंच माहीत होतं.

या पार्श्वभूमीवर तो आदेश. मूळ प्रकरण निवृत्त कर्मचाऱ्यांचं. महामंडळाकडे त्यांची हक्काची देणी थकली होती आणि ते न्यायालयात गेले होते. पैसे नाहीत म्हणता, तर हॉटेलवार ऑक्युपन्सी, म्हणजे खोल्या भरल्याची टक्केवारी, दाखवा, असं न्यायालयाने विचारलं. आकडे आले आणि 19 नोव्हेंबरला न्यायालयाने ही हॉटेलं म्हणजे पांढरे हत्ती आहेत, सार्वजनिक पैसा त्यांच्यावर उधळता येणार नाही, असं ठरवून 18 हॉटेलांना टाळं लावायला सांगितलं. मुदत 25 तारखेची. निवृत्तांची बाजू शंभर टक्के खरी होती, यात वाद नाही. प्रश्न आहे तो मोजपट्टीचा.

हॉटेलात वर्षाचे 365 दिवस धरून टक्केवारी काढतात. एखादं हॉटेल मे-जून, पूजा-दिवाळी आणि नाताळ मिळून 100 रात्री गच्च भरलं आणि उरलेलं वर्षभर एकही माणूस फिरकला नाही, तर आकडा येतो 27 टक्के. यादीतलं केलाँगचं हॉटेल घ्या. बोगदा होईपर्यंत रोहतांगवर बर्फ पडला की केलाँग ज्यात आहे तो लाहौलचा भाग महिनोन्‌महिने तुटलेला असायचा. तिथल्या हॉटेलाची कमाई उन्हाळ्यातच व्हायची. त्याला आणि परवाणूच्या, हरियाणाच्या सीमेवरच्या हॉटेलाला एकाच रकान्यात बसवणं हा हिशेब झाला, पण न्याय झाला असं म्हणवत नाही. चैलचा पतियाळाच्या महाराजांचा राजवाडा आणि नग्गरचा कुल्लूच्या राजांचा दगड-लाकडाचा गढीवजा वाडा हेही त्याच यादीत. हे वाडे बंद केले तर पगार वाचेल, पण इमारतीची देखभाल करायचीच असते. आणि दारलाघाट, कियारीघाटसारखे थांबे? शिमल्याचा प्रवास दिवसभराचा होता तेव्हाचे ते. रस्ता रुंद झाल्यावर तिथे रात्र काढण्याचं कारणच उरलं नाही. त्याचा दोष मॅनेजरला देता येत नाही.

तरीही यादीत मनालीची तीन नावं होती, धरमशालेची तीन. मनालीत शेजारचं खाजगी हॉटेल भरतं आणि सरकारी रिकामं राहतं, याला बर्फ, बोगदा, रस्ता यांपैकी काहीच कारण देता येत नाही. तिथे गाद्या, गिझर, वेळेवर न उचललेला फोन आणि ऐन गर्दीतही न बदलणारे दर हीच कारणं. याच महामंडळाने शिमल्याजवळचं आपलं वाइल्डफ्लॉवर हॉल हे हॉटेल 1993 च्या आगीनंतर खाजगी भागीदारीत दिलं. त्याचं देशातल्या महागड्या हॉटेलांपैकी एक झालं आणि मग ताब्यासाठी दशकानुदशकं खटला चालला. 2025 मध्ये राज्याने ती इमारत ताब्यात घेतली. खाजगीला द्यावं की स्वतः चालवावं, याचं उत्तर हिमाचलात नेहमी कोर्टाच्या दारातून येतं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आदेशानंतर काही दिवसांतच 18 पैकी 9 हॉटेलांना 31 मार्च 2025 पर्यंत चालू राहण्याची मुभा मिळाली. चैल, केलाँग, नग्गर त्यांतच होती, कारण बुकिंग आधीच झालेलं होतं. उरलेल्यांच्या बंदीला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने स्थगिती दिली. पुढे 2025 मध्ये महामंडळाची काही हॉटेलं चालवायला खाजगी हाती देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला.

दरम्यान त्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला. काश्मीरची बुकिंगं रद्द झाली आणि 1990 सारखीच ती मनालीकडे वळतील, असा अंदाज टूरवाल्यांनी बांधला. थोडी वळलीही. पण मेच्या भारत-पाकिस्तान संघर्षात उत्तरेतले विमानतळ बंद झाले, त्यात भुंतर, कांगडा आणि शिमल्याचेही होते. मग पावसाळ्यात मंडी आणि कुल्लू जिल्ह्यांत पुन्हा पूर, पुन्हा महामार्ग खचले. लांबच्या पाहुण्याने हिमाचलचं नाव यादीतून काढलेलं नाही. पण तो आता तिकीट उशिरा काढतो, रद्द करता येईल असंच काढतो, आणि हॉटेलवाला त्याच्या भरवशावर सीझनभराच्या खोल्या अडवून ठेवत नाही.